एलिझाबेथबाईंची सहाण

एलिझाबेथबाईंच्या हातातली काठी आधारासाठी नव्हती. ती दारुड्यांसाठी होती. राहुरीच्या बाजूला धरणाचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून हातभट्टी आली, तेव्हापासून बाईंना उसंत नव्हती. उभा जन्म त्यांनी बायबलबाई म्हणून वाड्यावस्त्यांवर शुभवर्तमान सांगण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर सांगणं सोडलं आणि बडवणं धरलं. दुधाचा तीनचाकी टेम्पो चालवणारा छगन त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. तो ओढ्याकडून डुलत यायला लागला की बाई वेशीत उभ्याच.

"मुडद्या, नशेनं माणसाचं जनावर होतं!"

"जनावराला तरी कुटं एवढा मार बसतोय, बाई," म्हणून छगन पाठ पुढं करायचा.

आता बाईंचं स्वतःचं सांगायचं, तर नवरा यशया गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. मुलगा फिलिप साखर कारखान्यात कामाला होता. त्यानं त्यांना नगरला एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी झोपेच्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांपुरत्या. पंधरवडा संपला, गोळ्या काही संपल्या नाहीत. रात्रीची एक होती, तिला सोबत म्हणून दुपारची आली, मग सकाळच्या चहाबरोबर अर्धी. श्रीमंत नावाचा राहुरीतला औषधाचा दुकानदार एकदा चाचरत म्हणाला, "बाई, चिठ्ठी लई जुनी झाली."

"शास्त्र जुनं झालं म्हणून टाकून देतोस का रे?" बाई कडाडल्या. श्रीमंतनं बाटली पुढं केली. शास्त्रापुढं तो तरी काय बोलणार, आणि गिऱ्हाईक रोखीचं होतं.

रविवारी ख्रिस्ती देवळात पहिल्या बाकावर बाईंची मान छातीवर पडायची. मंडळी कौतुकानं म्हणायची, काय तल्लीन होऊन प्रार्थना करतात! ती प्रार्थना कधीकधी घोरायची. चहात मीठ पडलं, तर सुनेनं डबे हलवले. जीभ जड झाली, तर दात हलतायत. गोळ्या संपल्या आणि हात लटलट कापायला लागले, तर ते पित्त. सून कृपा एकदा म्हणाली, "आई, ह्या गोळ्या आता बास करा की." त्यावर बाईंनी अबोला धरला. दारू ती दारू. डॉक्टरनं दिलेलं ते औषध, आणि औषधाची कुठं नशा असते? बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटायचं, आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

कृपा गावातल्या बालवाडीत शिकवायची. ती सकाळी गेली की पाच महिन्यांची रूथ आजीच्या मांडीवर. रूथ म्हणजे बाईंचा जीव की प्राण. रोज तिच्या आंघोळीनंतर बाई सहाण घ्यायच्या, वेखंड, बाळहिरडा, जायफळ उगाळून गुटी करायच्या आणि बोटानं चाटवायच्या. आमच्याकडे सगळ्याच आज्या हे करतात. पूर्वी कामावर जाणाऱ्या बाया गुटीत अफूचा कणही घालायच्या. लेकरू दिवस मावळेपर्यंत निजायचं, एखादं उठायचंच नाही. वस्त्यांवर फिरताना बाईंनी त्या अफूविरुद्ध घसा कोरडा केला होता.

त्या सकाळी रूथ रडायची थांबेना. हिरड्या शिवशिवत होत्या. बाईंचं डोकं अर्ध्या गोळीनं आधीच जड झालेलं, आणि उरलेली अर्धी पदराच्या गाठीला होती. आपल्याला एवढी लागते, तर हिला नखभर पुरे, असा त्यांनी विचार केला. अफू थोडीच आहे? औषध आहे. जायफळामागून सहाणेवर गोळीचा एक वेढा फिरला, मग आणखी एक. रूथ गप झाली. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांचाही डोळा लागला.

कृपाच्या किंकाळीनं त्यांना जाग आली. पोर चिंधीसारखी लोंबत होती. ओठ काळेनिळे पडलेले, श्वास आहे की नाही कळेना. कृपा तिला छातीशी धरून रस्त्यावर धावली. मागून बाई, अनवाणी, काठीशिवाय. समोरून छगनचा टेम्पो आला, आणि देवाची करणी अशी की छगन शुद्धीवर होता. त्यानं काही न विचारता दुधाचे कॅन रस्त्यात उतरवले आणि दोघींना आत घेतलं.

राहुरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंय हिला?"

"गुटी," बाई म्हणाल्या.

"नुसती गुटी?"

"नुसती गुटी."

"मग मेंदूज्वर दिसतोय," डॉक्टर नर्सला म्हणाले. "पाठीतनं पाणी काढावं लागेल."

बाईंना सगळं कळत होतं. एक शब्द बोललं की मुलगा गेला, सून गेली, मंडळीतला पहिला बाक गेला. वर दारात तो छगन उभा, म्हणजे गावभर दवंडी. लांबच लांब सुई रूथच्या एवढ्याशा पाठीजवळ आली. बाईंनी पदराची गाठ सोडली आणि गोळीचा तुकडा टेबलावर ठेवला.

"हे दिलंय. माझंच हाय. रोज खाते मी." मग त्यांनी तुकड्यावर बोट ठेवलं. "मला नशा हाय ह्याची, डॉक्टर."

सुई बाजूला गेली. नळ्या आल्या, ऑक्सिजन आला. बाई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. कृपानं त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही. छगन शेजारी येऊन टेकला. सगळ्या काठ्यांचं उट्टं काढायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

"सोडताना पयल्यांदा लई तरास हुतो, बाई," तो हळूच म्हणाला.

"तुला काय म्हाईत?"

"मी लईदा सोडलीय."

दिवेलागणीला रूथ रडली. जन्मभर स्तोत्रं गाणाऱ्या बाईंना त्याहून गोड काही आठवेना.

गोळी एकदम बंद करायला डॉक्टरांनी मनाई केली. त्यानं झटके येऊन माणूस दगावतो, म्हणाले. बाटली कृपाच्या ताब्यात गेली आणि गोळी हळूहळू कमी होत गेली. बाई रडल्या, सुनेला नाही नाही ते बोलल्या, एकदा चोरून श्रीमंतच्या दुकानापर्यंत गेल्या. ह्या वेळी त्यानं हात जोडले. काठी चुलीत गेली. आणि रूथ रोज आईबरोबर बालवाडीत जायला लागली. फिलिप मध्ये पडायला गेला, तर कृपा म्हणाली, "आई तुमची आहे. लेक माझी आहे." बाईंनी ते ऐकलं. राग आला नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

शेवटची गोळी संपून बरेच दिवस झाल्यावर एका सकाळी कृपानं रूथला त्यांच्या मांडीवर ठेवलं. रूथनं आजीचं नाक धरलं. बाईंचे डोळे भरून आले. दारात कृपा चपला घालत होती आणि तिच्या खांद्यावरची पिशवी भारानं ओघळत होती.

"एवढं काय नेतेस गं?"

"सहाण," कृपा म्हणाली आणि बालवाडीला निघून गेली.