साडूचा पूल

मास्तर एका आमदाराला भाषणं लिहून द्यायचे. साडू दुसऱ्या आमदारासाठी तेच काम करायचा आणि मास्तरांची बायको ऊठसूट त्याचेच गोडवे गायची. आज बजेटवर चर्चा होती. मास्तरांच्या साहेबांना दवाखाना मागायचा होता, साडूच्या साहेबांना नदीवर पूल. दोघे लेखक प्रेक्षक गॅलरीत शेजारी बसले होते.

आधी पुलाची पाळी आली. "आमच्याकडे स्थळ बघताना पगार नंतर विचारतात, आधी पोहता येतं का ते विचारतात," आमदार म्हणाले आणि सभागृहानं बाकं बडवली. वाक्य अर्थातच साडूचं होतं. मास्तरांचा जळफळाट झाला, पण वाक्यच असं होतं की हातांनी दगा दिला आणि टाळी वाजली. गॅलरीत टाळीला मनाई असल्यामुळे शिपायानं त्यांना बाहेर काढलं. दवाखान्याचं भाषण बंद दाराआडच झालं.

मग साडू बाहेर आला. "तुमच्या साहेबांसाठीही बाकं वाजली हो. जरा जास्तच."

"तुम्ही टाळी वाजवली का?"

"छे. मनाई आहे ना," साडू म्हणाला. त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. मास्तरांना फार बरं वाटलं.