फेसाच्या टाकीवरचा माणूस

त्या माणसाचे हसू आठवले, की आजही लिहिता लिहिता माझा हात थांबतो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पोलीस खात्याला रसायन-तपासनीस हवा होता आणि पुरुष उमेदवार मिळेनात, म्हणून विज्ञानाची पदवी घेतलेल्या मला बेळगावात ती जागा हंगामी मिळाली. ती कायम करून घ्यायची, हे मी ठरवले होते. अशात ठाण्यात निनावी पत्र आले. जांबोटीच्या डोंगरातल्या मँगनीजच्या कारखान्यात टाकीवरचा कामगार मुद्दाम माल ओढ्यात सोडतो आहे, असे त्यात होते.

तिथे हलक्या प्रतीचे खनिज पिठासारखे दळून साबणाच्या पाण्यात ढवळत आणि टाकीत हवा सोडत. मँगनीजचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येत, वाळू खाली राही. वरचा काळा फेस लाकडी फळीने पन्हळीत ओढत राहणे, एवढेच त्या कामगाराचे काम. हात थांबला, की फेस बसतो आणि माल सांडपाण्याबरोबर वाहून जातो. मी ओढ्यातला गाळ तपासला. त्यात मँगनीज भरपूर निघाले. कामगाराने शेजारी उभे असूनही फेस मुद्दाम बराच वेळ ओढला नव्हता, असा अहवाल मी दिला. तोफांच्या पोलादाला लागणाऱ्या, म्हणजे युद्धाच्या मालाची ही नासधूस. आरोप शाबीत झाला असता, तर तो माणूस कित्येक वर्षे हिंडलग्याच्या तुरुंगातून बाहेर आला नसता.

चौकशीत जबाब लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. आरोपी, म्हणजे तोच टाकीवरचा कामगार, पन्नाशीचा, मूळचा खानापूरकडचा शेतकरी. फौजदारांनी दटावले, टेबलावर छडी आपटली. तो ढिम्म. पापणीही लवली नाही. मग एकाएकी हसला.

"सासुरवाडीला आलाईस व्हय रं, दात दाखवाय?" शिपाई म्हणाला.

"बाई, हा मुरलेला आहे," फौजदार मला म्हणाले. मलाही तसेच वाटले. खरे सांगायचे तर मला त्या हसण्याची भीती वाटली. मी जबाबाखाली शेरा लिहिला: आरोपीच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको भाकरी घेऊन आली. फौजदारांसमोर उभे राहायचा तिला धीर होईना. तिने मला व्हरांड्यात गाठले.

"आक्का, त्येंचं तोंडच तसं झालंय. लेकीच्या लग्नात हसलं न्हाईत, आन् थोरल्या भावाच्या मयतीत खदाखदा हसलं. गोठ्यात जरा मागं सराय गेलं, की उताणं पडत्यात."

टाकीच्या आधी तो कुठे कामाला होता, असे मी विचारले. चार वर्षे कोरड्या दळणाच्या शेडमध्ये, काळी भुकटी नाकातोंडात जायची, असे ती म्हणाली.

मँगनीजची भुकटी वर्षानुवर्षे श्वासातून गेली, की चेहरा मुखवट्यासारखा होतो, हात आखडतात, कारण नसताना हसू फुटते, मागे चालता येत नाही. विषशास्त्राच्या पुस्तकातला हा परिच्छेद परीक्षेसाठी मी पाठ केला होता. समोर माणूस बसलेला असताना तो मला आठवला नव्हता.

आरोपीला दोन पावले मागे चालवावे, अशी मी विनंती केली. ही तालीम नव्हे, असे पुटपुटत फौजदारांनी खूण केली. त्याने एक पाऊल मागे टाकले आणि ओंडक्यासारखा कोसळला. शिपायाने वेळेवर धरले म्हणून डोके वाचले.

"तुम्हाला भीती वाटते आहे का?" मी विचारले.

त्याचे ओठ हसत होते. आवाज बारीक, एका सुरात आला. "लई भ्या वाटतंय, आक्का. कालपासनं वाटतंय."

सिव्हिल सर्जननी तपासले, आखडलेल्या हातांनी त्याला फळी ओढणेच जमत नव्हते असे लिहून दिले, आणि तो सुटला. हात मात्र पुन्हा सुधारले नाहीत. नंतर मी दळणाच्या शेडमधल्या सगळ्यांना कारखान्याच्या अंगणात मागे चालायला लावले. आणखी दोघे पडले.

गाळाची माझी तपासणी अचूक होती. तिच्यावरून मी माणसाच्या मनाबद्दल जे ठरवले, ते चूक होते, आणि त्या चुकीवर माझी सही होती. निवृत्त होईपर्यंत मी शेकडो अहवाल लिहिले. आरोपीचा चेहरा कसा दिसत होता, हे त्यातल्या एकातही नाही.