ओल्या कापसाआडचं वायफाय

केबलवाला माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, "शेठ, गेम खेळाचा असन तर वायर घ्या. मागच्या खोलीपर्यंत ओढून देतो." त्यानं मीटरचा भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. तो हलेना, तेव्हा मी मार्केटातली जुनी चाल खेळलो. रागानं उठलो आणि चालायला लागलो. अशा वेळी समोरचा मागून हाक मारतोच. फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं की घर माझंच आहे. आता तोंड वर करून परत कसं फिरायचं? दिग्रसच्या बसस्टँडपर्यंत जाऊन आलो. तोवर तो बायकोच्या हातचा चहा पिऊन, समोरच्या खोलीत वायफायचा डबा लावून निघून गेला होता.

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, उरलेल्याला भाव नव्हता, आणि माझ्यासारख्या दलालाला दुपारी काम नव्हतं. पण मी गेमच्या नादी लागलो तो वेळ घालवायला नाही. मुलगी पुण्याला शिकत होती. तिच्या होस्टेलच्या फीवरून मी तिच्या मैत्रिणींसमोर तिथल्या बाईंशी घासाघीस केली, आवाज चढवला, खुर्ची आपटली. फी तेवढीच राहिली, मुलीनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. फोन फक्त आईला. रविवारी दुपारी ती दोन मैत्रिणींबरोबर बंदुकांचा कसलासा गेम खेळते, एवढं बायकोकडून कळलं. मी निरोप धाडला, मलाही घ्या. चौथा गडी मिळत नव्हता म्हणून घेतलं.

पन्नाशीचा माणूस गोळ्या झाडताना कास्तकारांना दिसू नये, म्हणून कॉम्प्युटर मागच्या खोलीत ठेवला. वायफाय समोरच्या खोलीत. मधल्या खोलीत भाव येईल म्हणून दाबून ठेवलेला कापूस, छताला टेकलेला.

पहिल्याच रविवारी हेडफोनमधून मुलीचा आवाज आला, "बाबा, भिंतीकडे तोंड करून काहून उभे हाये?"

"उभा कुठी? मी पळून राह्यलो ना!"

"तुमच्या घरी पळून राह्यले असान. इकडे तुम्ही मेले."

तिची मैत्रीण म्हणाली, "काका, तुमचा पिंग तीनशे आहे." आपण बटण दाबल्यावर ते तिकडे पोचायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, हे मला कुठं ठाऊक? मी सवयीनं म्हणालो, "दोनशेत बसवा."

मैत्रिणी खदखदून हसल्या. मुलगी हसली नाही. "पुढच्या रविवारी स्पर्धा हाये आमची. असेच अटकत राह्यले तर दुसरी पोरगी घेईन."

म्हणजे बोलणं पुन्हा बंद. मी तो डबा कपाटावर ठेवून पाहिला, खिडकीत ठेवला, स्वयंपाकघरातल्या पितळी गंजावर, तो पालथा घालून, ठेवला. कंपनीला फोन करून घसा बसेपर्यंत भांडलो. शेवटी केबलवाल्यालाच बोलावलं. त्यानं डब्याकडे बघितलंच नाही. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून पँटला पुसला.

"शेठ, पाणी मारलं का याच्यावर?"

मारलं होतं. वजन वाढावं म्हणून विकायच्या आदल्या दिवशी फवारणीच्या पंपानं दोन टाक्या. सकाळी भाव आणखी पडला, मी ऐटीत म्हणालो, नाही विकत जा, आणि तो ओला ढीग घरातच बसला.

"कोरड्यातून वायफाय जाते, पाण्यात मरते," तो म्हणाला. "तुम्ही तर मधात पाण्याची भितच बांधली."

"तू मले कापूस शिकवतं का बे?"

"कापूस नाई शेठ, वायफाय."

वायरचा भाव त्यानं या खेपेला वाढवून सांगितला. मी उठणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आता कुठी चालले? बसा खाली." बसलो. वायर बाहेरून, भिंतीच्या कडेनं मागच्या खोलीत आली. भाव त्यानं जास्तच लावला, हे मी आजही कोणालाही सांगायला तयार आहे.

रविवारी, स्पर्धेआधीच्या सरावात, पिंग तीस होता. सगळं लख्ख दिसत होतं. मी पळालो तर खरोखर पळत होतो. समोर शत्रू आला, मी बटण दाबलं, आणि सगळ्यात आधी मी मेलो. दुसऱ्यांदाही मीच आणि तिसऱ्यांदाही. आता दोष द्यायला ना कापूस होता ना कंपनी.

"बाबा, नेट मस्त झालं," मुलगी म्हणाली. "आता साफ दिसते, तुमाले खेळताच येत नाई." आणि तिनं माझ्या जागी दुसऱ्या मुलीला घेतलं.

संपलं म्हणून मी हेडफोन काढायला हात लावला.

"थांबा! पळता कायले? दाराच्या मधात काहून उभे राह्यता? बंदुकीत गोळ्या आधी भराव लागते, एवढं बी समजत नाई?"

स्पर्धेला अजून अर्धा तास होता. तो अर्धा तास ती मला झापत राहिली, आवाज थेट माझ्यासारखा चढवून. मी पेन घेतलं, जुन्या पावतीच्या मागं एकेक चूक लिहून घेत गेलो, आणि दर वेळी फक्त "हो" म्हणत राहिलो.