डिमर चांगलेच होते

कुडपणच्या त्या बंगल्यात मी आधी एकदा जाऊन दोन डिमर बदलून आलो होतो. महिन्याभरात तीच तक्रार परत आली. ज्या कंपनीचं काम मी करायचो तिथल्या साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, "तुम्ही नीट बघितलं होतं ना?" मी हो म्हटलं. मला वाटतही होतं तसंच.

बंगल्यातले दिवे साध्या बटणांवर चालत नसत. जिन्याखालच्या कपाटात एक पॅनेल होतं आणि त्यात ओळीने आठ डिमर. एकेक डिमर एकेका खोलीचे दिवे सांभाळायचा. मंद करायचा, वाढवायचा, ठरल्या वेळी लावायचा आणि विझवायचा. मालकांनी हे सगळं हौसेने करून घेतलं होतं. ते वारले, आणि मुंबईला राहणाऱ्या त्यांच्या पत्नी आता बंगला विकायला निघाल्या होत्या. रविवारी कोणी बघायला येणार होतं. मी गेलो तो शुक्रवार होता.

बिरवाडीहून सकाळी मोटरसायकलवर निघालो. पोलादपूरला चहा घेतला आणि आंबेनळीचा रस्ता धरला. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर मी हे काम शिकलो, आणि असे लांबचे कॉल मला आवडायचे. दिवसभर बिरवाडीतल्या माझ्या खोलीबाहेर राहता यायचं. बायको मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला भावाकडे गेली ती दोन वर्षांसाठी, असं ठरलं होतं. आता पाचवं चालू होतं. आम्ही भांडलो नव्हतो. फोनवर मुलीची परीक्षा, पाऊस, गॅस संपला का, एवढं बोलणं व्हायचं, मग दोघांपैकी कोणीतरी "बरं" म्हणायचं आणि फोन बंद व्हायचा.

बंगल्याची चावी वाडीतल्या एका बाबांकडे असायची. सत्तरीचे असतील. बंगला झाडायचे, कुंपण बघायचे. मला बघून म्हणाले, "काय वायरमन, परत बिघडला?"

"परत."

"मशीनच खराब हाय," ते म्हणाले आणि चावी माझ्या हातात न देता स्वतः कुलूप काढायला पुढे झाले.

तक्रारी दोन होत्या. जेवणाच्या खोलीतले दिवे अर्ध्यावर आणले की लुकलुकायचे. आणि माडीवरच्या पश्चिमेच्या खोलीतले दिवे बंद केले तरी पूर्ण विझत नव्हते. खोलीत काजव्याएवढा उजेड राहायचा आणि दिवे वाढवताना गुणगुण ऐकू यायची. मागच्या खेपेला मी या दोन खोल्यांचे डिमर काढून नवे लावले होते आणि जुने खराब म्हणून कंपनीला परत पाठवले होते. या वेळी नवे काही काढायच्या आधी मी एक साधी गोष्ट केली. जेवणाच्या खोलीचा डिमर स्वयंपाकघराला जोडला आणि स्वयंपाकघराचा तिकडे. डिमर खराब असेल तर बिघाड त्याच्याबरोबर स्वयंपाकघरात जायला हवा होता. गेला नाही. स्वयंपाकघर शांत, जेवणाची खोली तशीच लुकलुकत राहिली. माडीवरच्या डिमरचंही तेच झालं.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. डिमर चांगले होते. म्हणजे मी परत पाठवलेले दोनही चांगलेच असणार. हे तेव्हाच, दहा मिनिटांत कळलं असतं. मी बघितलंच नव्हतं. घाईने बदलले आणि घाट उतरायच्या मागे लागलो होतो.

मग वायरिंगकडे वळलो. जेवणाच्या खोलीच्या छतात जोडणीचा डबा होता. तो उघडला तर न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या वायरचा स्क्रू ढिला, आणि वायरचं टोक काळं पडलेलं. मागच्या वेळी या डब्याचं झाकण मी उघडलंही नव्हतं. टोक कापलं, नवं सोललं, स्क्रू आवळला. दिवे अर्ध्यावर आणले. स्थिर राहिले.

माडीवर गेलो तेव्हा बाबा मागे मागे आले. तिथल्या तीन दिव्यांपैकी मी पहिला काढला, बघितला, परत लावला. दुसराही. तिसऱ्याकडे शिडी सरकवली तसे बाबा म्हणाले, "तो चांगला हाय. त्याला नका हात लावू."

"बघायला तर हवं."

ते दारापाशी जाऊन उभे राहिले. तिसरा दिवा पडद्यामागच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ होता. काढला तर तो वेगळाच निघाला. बाजारात मिळणारा साधा एलईडी. असला दिवा डिमरला चालत नाही, त्याला मंद होणं माहीतच नसतं. मी तो हातात धरून शिडीवर तसाच उभा राहिलो.

"मी लावला तो," बाबा म्हणाले. "पोलादपुरास्न आणला. आदीचा उडाला व्हता. बाईंना सांगू नका. माज्यामुळं मशीन बिघडलं ना?"

"मशीन बिघडलेलं नाही. पण मला आधीच का नाही सांगितलंत?"

"तुमी मशीनच बदलत व्हता. मला वाटलं, मशीनच आसंल."



नवा दिवा माझ्याकडे होता, तो लावला. आता संध्याकाळचं वेळापत्रक नीट चालतंय का, तेवढं बघायचं होतं. साडेसहाला दिवे आपोआप लागायचे आणि दहाला विझायचे. घरात माणसं आहेत असं बाहेरून दिसावं म्हणून मालकांनी ते लावून ठेवलं होतं. मालक गेल्यावरही ते तसंच चालू होतं. बाबा म्हणाले, "माज्या आंगनातून बघा. तितनं समदं दिसतं."

त्यांचं घर उताराखाली, हाकेच्या अंतरावर. एक खोली, पुढे पडवी. एका दोरीवर एकच धोतर वाळत होतं. गार वारा सुटला होता. आम्ही अंगणात उभे राहिलो आणि अंधारायला लागल्यावर बंगल्यात दिवे लागले. एकदम नाही, आत कोणीतरी हळूच वात वर करावी तसे.

"ही जेवायची खोली," बाबा सांगू लागले. "आता माडी. ती खिडकी आली बगा."

ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गेल्या साली म्हातारी गेली ना आमची, तवापासनं ती खिडकी लागली की मी ताट घेतो. वर कोन तरी हाय आसं वाटतं. कोन नाय, ते ठावं हाय मला. चावी माज्याकडंच हाय की. पन दिवा उडाला तवा दोन-तीन दिस जेवनच जाईना."

मुंबईला मुलगा होता, सून होती. त्यांनी बोलावलं होतं, हेही बाबांनी सांगितलं. गेले का नाहीत, ते मी विचारलं नाही.

मोबाइलला रेंज फक्त बंगल्याच्या फाटकापाशी यायची. तिथे जाऊन मी मालकांच्या पत्नींना, मॅडमना, फोन लावला. डिमर खराब नव्हते, एक स्क्रू ढिला होता आणि तो मागच्या वेळी माझ्याकडूनच राहिला, हे सांगितलं. एक दिवा बदलला, असंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"झालं ना आता? मग जाता जाता ते संध्याकाळचं आपोआप लागणंही बंद करा. ह्यांनी करून ठेवलंय, मला काढता येत नाही. रिकाम्या घरात कशाला दिवे?"

मी हो म्हणून फोन ठेवू शकलो असतो. एरवी तेच केलं असतं. पण म्हणालो, "मॅडम, खालचे बाबा त्या उजेडाकडे बघून जेवतात. एकटे असतात."

"एकटे? आणि त्यांची बायको?"

"गेल्या वर्षी वारल्या."

मग त्या म्हणाल्या, "मला कोणी कळवलं नाही हो. मी दर दिवाळीला तिच्यासाठी लुगडं पाठवत होते. याही वर्षी पाठवलं." आणि पुढे म्हणाल्या, "वरची खिडकी राहू द्या. बाकीचं काढा."

मी तसं केलं आणि उतरलो.

बंगला विकला गेला. होळीच्या सुमारास कंपनीने मला पुन्हा तिथे पाठवलं, या वेळी पॅनेल काढून आणायला. नव्या मालकांना साधी बटणं हवी होती. ते शनिवारी यायचे आणि जाताना मेन स्विच बंद करून जायचे, त्यामुळे वरची खिडकीही अंधारीच राहायची. चावी आता त्यांच्याच माणसाकडे होती. मी आठही डिमर काढून खोक्यात भरले.

उतरून बाबांकडे गेलो. ते पडवीत बसले होते. पॅनेल काढल्याचं मी सांगायला लागलो तर म्हणाले, "म्हाईत हाय." मग, तीन खेपांत पहिल्यांदाच, त्यांनी मला विचारलं, "घरी कोन आसतं तुमच्या?"

"कोणी नाही. बायको आणि मुलगी पुण्याला असतात."

"मंग जाऊन काय करनार? जेवूनच जा."

ऊन अजून होतं, जेवणाची वेळ नव्हती. त्यांनी नाचणीची भाकरी टाकली, वालाचं कालवण गरम केलं. मी पाणी भरून आणलं. फार बोलणं झालं नाही, कारण दोघांनाही त्याची सवय उरली नव्हती. भाकरी एका बाजूने करपली होती. त्यांनी ती मोडली आणि चांगला अर्धा भाग माझ्या ताटात ठेवला.