भुतायचं शेल्फ

किट एक येतं आणि त्याच्यामागं चार किस्से येतात, असा आमचा दारव्ह्याचा अनुभव आहे. किट जोडून संपतं, किस्से संपत नाहीत!

किट म्हणजे सिनेमातल्या पात्रांचे प्लास्टिकचे सुटे भाग. जोडायचे, रंगवायचे, उभे करायचे. या नादाला लागलेले आम्ही तिघं: एसटीडी बूथवाला मी, रहीमभाई टेलर आणि सुधाकर. सुधाकरच्या घराची पुढची खोली हा आमचा अड्डा. त्याचे वडील, आमचे तुळशीरामकाका, कापूस पिकवायचे आणि आमच्या खजिन्याला "भुतायचं शेल्फ" म्हणायचे.

*

एकदा पार्सलमध्ये एक भाग कमी निघाला. सुधाकरनं माझ्या बूथवरून नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. बाहेर बाजाराच्या दिवसाची ही गर्दी! आणि हा आत ओरडतोय, "मुंडकं भेटलं, धडबी भेटलं. डावा हात कुठी हाय?"

बाहेरची रांग एका मिनिटात साफ!

*

मग एका राक्षसाच्या शिंगांना रंग कमी पडला. पोळा तोंडावर होता, बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाचा डबा घरात होताच. सुधाकरनं ब्रश बुडवला आणि काम फत्ते केलं. पोळ्याच्या दिवशी काका एकदा बैलाकडे बघतात, एकदा शेल्फाकडे.

"काबे, याले बी बैलायसंग तोरणाखाली उभा करतं का?"

*

एका खलनायकाच्या कोटाची मागची बाजू कशी असेल, यावर आम्ही आख्खी सीडी तीनदा पाहिली. गडी एकदाही पाठ फिरवत नाही! शेवटी रहीमभाईंनी निकाल दिला, "सामनेसे इतना बढिया सिया है, तो पीछे भी ठीकच होगा." तसाच रंगवला. आजवर कुणी चूक काढलेली नाही.

*

त्या वर्षी कापसाचं काही खरं नव्हतं. भाव चढेल या आशेनं घरोघर कापूस खोल्यांत भरलेला. काकांनाही पुढची खोली हवी होती. नागपूरला मॉडेलांची स्पर्धा होती, तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं, "नंबर आला तं शेल्फ राहीन. नाही आला तं भुतं उकिरड्यावर!"

आमचा जीव त्या शेल्फात. आम्ही सगळ्यात मोठं किट काढलं: बर्फातला राक्षस. महिनाभर खपलो. स्पर्धेच्या दोन दिवस आधी सुधाकरनं त्याला वॉर्निश मारलं आणि वाळायला खालच्या फळीवर ठेवलं.

त्याच संध्याकाळी काका खरेदी केंद्रावरून तणतणत परतले. ग्रेडरनं त्यांच्या कापसाला हलकी ग्रेड लावली होती. "पह्यल्या येचणीचा माल हाय माहा! अन् हलका म्हनते?" त्यांनी गाडी तशीच परत आणली आणि रागारागात सगळा कापूस पुढच्या खोलीत लोटला. खालची फळी गडप!

सकाळी उकरून राक्षस बाहेर काढला, तर डोक्यापासून पायापर्यंत कापूस चिकटलेला. सुधाकरला रडूच फुटलं. रहीमभाईंनी मात्र त्याला चारी बाजूंनी निरखलं, शिलाईची कात्री काढली आणि तासभर त्याची कटिंग केली.

"अब ले चलो," म्हणाले.

काकाही सोबत निघाले. निकाल त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. हॉलमध्ये धोतर-टोपीतले ते एकटेच, दाराशी उभे. परीक्षक आमच्या टेबलापाशी आले आणि तिथंच थांबले. वाकून बघितलं. बोटानं हळूच ती लव कुरवाळली. मग माइकवर गेले.

"पहिला नंबर, दारव्हा! इतकी सुंदर फर आम्ही पाहिली नव्हती!"

आम्ही तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पण त्याआधीच काका गर्दीतून वाट काढत टेबलापाशी पोचले होते. त्यांनी टोपी नीट केली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले,

"पाहा बे सुधाकर, लागली ना माह्या कापसाले एक नंबर ग्रेड!"