नाकवालीची सर्दी

अगं, त्याच्या प्लॅस्टरचं काय लिहीत बसलीस, खोड ते. गाडी चालवणारा तो दीर, त्याचा हात सहा आठवड्यांत जुळला, आणि त्याला बघायला येणाऱ्यांची नुसती रीघ. मागे कोण बसलं होतं ते लिही. माझी बहीण, तुझी धाकटी आजी.

तिच्या दिराने हौसेने ती उघडी गाडी आणली होती, ही एवढाल्या चाकांची, रस्ता सोडून वाळूत घालायची. "वहिनी, बसा तर खरं, पाळण्यात बसल्यासारखं वाटेल," म्हणाला. बसली बिचारी. वाळूचा उंचवटा चढले आणि पलीकडून तसलीच दुसरी गाडी वर आली. दोन बोकड भिडावेत तशा भिडल्या. दिराला पट्टा होता, धरायला स्टिअरिंग होतं. हिचं डोकं मागच्या लोखंडी दांड्यावर दाणकन आपटलं. रक्ताचा थेंब नाही, नुसतं टेंगूळ. सगळे म्हणाले, जाऊ दे, थोडक्यात निभावलं.

आता हिचं काम काय, तर डेअरीत नाक लावायचं. हसू नकोस, खरंच. सकाळी दुधाचे कॅन यायचे, झाकण उघडलं की ही वाकून वास घ्यायची. आंबूस, धुरकट, आजारी म्हशीचं, सगळं तिला एका क्षणात कळे. दूध ठीक असलं की म्हणायची, "जाऊ दे." मग मापाडी तो कॅन टाकीत ओतायचा. नाकवालीच म्हणत तिला. बावीस वर्षं तिच्या त्या दोन शब्दांवर लोक डोळे मिटून दूध प्यायले.

आठव्या दिवशी कामावर गेली. पहिलं झाकण उघडलं, वाकली, तर वासच नाही. चांगला नाही, वाईट नाही. भिंतीला नाक लावावं तसं. दुसरा कॅन, तेच. मागे चाळीस कॅन रांगेत.

मापाडी म्हणाला, "काय नाकवाली, समाधी लागली काय?"

"सर्दी झालीय मेली," ती म्हणाली. "जाऊ दे."

ती सर्दी तीन वर्षं टिकली बघ. बोट बुडवून जिभेला लावायची. आंबट असेल तर जिभेला कळे, बाकी सगळं अंदाजपंचे. दूध आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची, नजर चुकवली त्याने की कॅन परत. गुपचूप डॉक्टरकडेही जाऊन आली. ते म्हणाले, डोक्याला हिसका बसला की नाकाकडून मेंदूत जाणारे बारीक धागे तुटतात. वर्षभरात वास परत आला तर आला, एरवी आशा नाही. तोवर दीड वर्ष होऊन गेलं होतं.

जेवण तिला कागद चघळल्यासारखं लागे. कारण नसताना चिडायची. नातू झाला, त्याच्या टाळूवर नाक टेकलं, सगळ्यांसमोर हसली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, बाहुली हातात दिल्यासारखं वाटलं गं." तेव्हा मला काही उमगलं नाही.

मग तो कॅन आला. हिने वाकल्यासारखं केलं, बोट लावलं, आंबट नाही. "जाऊ दे." मापाडी कॅन तिरका करायला गेला आणि दचकून मागे सरला.

"अगं बाई, डोळे चुरचुरले माझे! फवारणीचं औषध आहे यात! नाक लावलंस की नाही?"

"सर्दी..."

"तीन वर्षांची झाली तुझी सर्दी, शाळेत घाल आता तिला!"

सगळे खो खो हसले. ती मात्र टाकीकडे बघत राहिली. आजचा कॅन सापडला. काल गेलेल्या, परवा गेलेल्या टाक्यांत काय होतं, कुणाला ठाऊक?

दुसऱ्याच दिवशी गुडघ्यांचं निमित्त सांगून काम सोडलं तिने. माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली, सगळं सांगितलं, आणि शपथ घातली. "ताई, तोंडातून ब्र काढायचा नाहीस. सुनेला कळलं तर पोर ठेवायची नाही माझ्यापाशी." सून तर खूशच झाली. सासूबाई घरी, पोराची काळजी मिटली. सकाळी बाळ हिच्या मांडीवर द्यायचं आणि कामावर पळायचं.

गेल्या मंगळवारी अकराच्या सुमारास मी गेले. दार ढकललं आणि नाकात गॅसचा भपकारा. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडक्या गच्च लावलेल्या. पोर गादीवर अंगठा चोखत झोपलेलं. शेगडीचं एक बटण अर्धवट फिरलेलं, आणि ही समोर लायटर घेऊन उभी.

"ये ताई, वेळेवर आलीस. चहाच टाकत होते."

मी तिच्या हातावर अशी चापट मारली की लायटर पार मोरीत गेला. बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. आणि ती काय म्हणाली असेल? "खिडकी उघडली की झालं, एवढं काय घाबरायचं? शपथ लक्षात आहे ना?" पोराला उचलून असं घट्ट धरलं, जणू मीच हिसकावून घ्यायला आलेय.

आहे लक्षात. शपथ तोंडाची आहे, सुनेपुढे तोंड मी मिटलंय. लिहिण्याचं काही बोलणं झालं नव्हतं, मला लिहिता येत नाही हे तिला ठाऊक आहे. तेव्हा उद्या तू जा. सून साडेसातला निघते, त्याच्या आत पोच. कागद तिच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि तिला म्हण, आजीने सांगितलंय, पोर सासूच्या मांडीवरून काढू नकोस, फक्त वास कळणारं एक माणूस घरात ठेव. वाचून होईपर्यंत तिथून हलू नकोस.