दाजींचा आय-सेव्हन जिंकला त्याची गोष्ट

आमच्या घरात जावयाच्या तोंडून निघालं की ते खरं. पाऊस येणार म्हणाले की मामा लगेच कडबा झाकायला उठतात. मामा म्हणजे माझे सासरे. जावई म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा, आम्ही त्यांना दाजी म्हणतो. ते पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतात. बसून काय करतात ते मला आजवर कळलेलं नाही, त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. पण समोर बसतात ना, मग कॉम्प्युटरमधलं त्यांनाच कळणार, असं मामांचं म्हणणं. असं असतं तर एस.टी.त बसणाऱ्या प्रत्येकाला एस.टी. चालवता आली असती.

माझा नवरा लोहाऱ्यात आणि आसपासच्या गावांत लग्नाची शूटिंग करतो. तिचं मिक्सिंग घरी बसून मी करते. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं कापायचं, जोडायचं, गाणी टाकायची, कॅमेऱ्यापुढं हमखास येऊन उभा राहणारा नवरीचा चुलता काढून टाकायचा. हे काम मला मनापासून आवडतं. या घरात माझं म्हणावं असं ते एकच आहे.

ते मी करत होते दाजींनी दिलेल्या लॅपटॉपवर. त्यांच्या कंपनीनं काढून टाकलेला. देताना दाजी म्हणाले, "आत आय-सेव्हन प्रोसेसर आहे, सांभाळून वापरा." झालं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. ते कुंकू अजून कीबोर्डातून निघालेलं नाही.

होता आय-सेव्हन, पण चौथ्या पिढीचा, म्हणजे जुना, त्यात लॅपटॉपमधला, बॅटरी वाचवत अंग चोरून काम करणारा. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. चैत्रात आमचा पत्रा तापला की तो थोडा वेळ पळायचा आणि मग बसकण मारायचा. खाली बाटल्यांची झाकणं लावली, बाजूला टेबलफॅन ठेवला, तरी पंख्याच्या घरघरीशिवाय त्यातून काही निघायचं नाही. एका लग्नाची तयार फिल्म बाहेर काढायला सकाळची संध्याकाळ व्हायची. बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळं मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. जळकोटचं एक गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, "ताई, पोरीचं डोहाळजेवण आलं बगा. आता दोन्हीची कॅसेट एकदमच द्या."

त्या दिवशी नवरा म्हणाला, "ह्या सीझनपासून मिक्सिंग सोलापूरला टाकू. तुझ्याच्यानं होईना." माझ्याच्यानं होत होतं हो, त्या सोनूबाईच्यानं होत नव्हतं. पण ते बोलायची सोय नव्हती, कारण लॅपटॉप जावयाचा.

मी हट्ट धरला. शेवटी उमरग्याच्या एका दुकानदारानं डेस्कटॉप दिला. पटला तर ठेवा, नाहीतर जत्रा झाल्यावर परत आणा, म्हणाला. त्यात आय-थ्री होता, पण बाराव्या पिढीचा. काळी, बोजड पेटी. भिंतीतून हवी तेवढी वीज खाणार आणि खाल्ल्या विजेला जागणार. पहिलं लग्न त्याला लावलं आणि भाकरी करायला गेले. भाकरी व्हायच्या आत लग्न तयार. मी चुलीपुढं एकटीच हसत बसले.

मामांना मात्र पटेना. "जावयानं सात दिला, अन् तुमी तीन आनला. सातातनं तीन घेऊन कुनाचं भलं झालंय?"

मी म्हणाले, "मामा, पिढी बघायची असती. चौथीतलं हुशार पोरगं अन् बारावीतलं साधं पोरगं. हिशेब कोण लवकर करंल?"

"जत्रेला जावईबापू येणारच हैत," मामा म्हणाले. "ते बगतील."

जावईबापू आले. पांढरी गाडी, काळा चष्मा, मागं पिशव्या उचलून माझी नणंद. पेटीवर एक बोट टेकवून म्हणाले, "आय-थ्री? वहिनी, फसवलं तुम्हाला. हे शाळेच्या पोरांना देतात."

"दाजी, पिढी कितवी ते बघितलं का?"

"पिढीबिढी सगळं विकायचे धंदे."

मामांनी निकाल देऊन टाकला. जेवणं झाली की दोन्हींवर एकच लग्न लावायचं. मागं राहील ते उमरग्याला, नाहीतर कपाटात. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. इतक्या वर्षांचं ते "तुम्हाला नाही कळायचं वहिनी" एका दुपारी फेडायचं होतं.

स्वयंपाकघरात नणंद पोळ्या लाटत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "वहिनी, तुमचीच पेटी जिंकणार का?"

"डोळे झाकून."

"मग नका जिंकवू." लाटणं चालूच होतं. "मागच्या दिवाळीत दादानं चारचौघांत ह्यांची चूक काढली. इथनं पुण्यापर्यंत गाडीत ऐकलं मी. अन् मग घरी पोचल्यावर."

"घरी पोचल्यावर काय?"

"तिथं कोण असतंय बघायला," ती म्हणाली.

मला आधी राग तिचाच आला. माझं हातातोंडाशी आलेलं काम मागत होती, तेही पोळ्या लाटता लाटता. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिच्या तव्यावरची पोळी उलटली.

दुपारी सगळे जमले. डेस्कटॉपवर मी सगळ्यात मोठी क्वालिटी निवडली, मोठ्या टीव्हीवर दाखवायची, तिला वेळ कितीतरी जास्त लागतो. लॅपटॉपवर सगळ्यात बारकी, मोबाईलवर बघायची. दोन्ही पडद्यांवर ते चांगलं ठळक लिहून येत होतं. मधल्या खुर्चीत दाजी बसले होते. शेवटपर्यंत तेच त्या पडद्यांकडं बघत होते, पान चघळत. हा माणूस कॉम्प्युटरवर पोट भरतो. एवढं समोर लिहिलेलं त्याला वाचता आलं नाही.

लॅपटॉपचं काम आधी संपलं. दाजींनी मांडीवर थाप मारली. "बघा मामा. आय-सेव्हन तो आय-सेव्हनच."

"व्हय दाजी," मी म्हणाले. पेटी जाणार, मिक्सिंग सोलापूरला जाणार, तेही या माणसाला खूश ठेवायला, आणि वर व्हय दाजी म्हणायचं. दाजी मला समजवायला लागले, प्रोसेसर म्हणजे काय ते. ते चहा येईपर्यंत समजावत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी पुण्याला गेली. नवरा पेटी उचलून बाहेर निघाला तसे मामा म्हणाले, "ठेव ती खाली." मग माझ्याकडं वळले. "इतके दिस बगतोय मी तिचं पळणं. मुद्दाम केलंस न्हवं?"

मी पेटीची वायर गुंडाळायला लागले.

"बरं केलंस. पोरीला लई सोसावं लागलं असतं. पेटी ऱ्हाऊ दे. जावईबापू यायचे असले की वर चादर टाकत जा."

"मामा, तुम्हाला ताईचं ठाऊक हाय?"

"बाप हाय मी," असं म्हणून ते जनावरांकडं निघून गेले.

कॉम्प्युटर राहिला, मिक्सिंग राहिलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. दाजींना अक्कल नाही, हे मी कधीच धरून चालले होते. पण या म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं, आणि तरी दर सणाला जावयाला पाटावर बसवून, टॉवेल-टोपी देऊन, मुलीला पुन्हा त्याच गाडीत बसवत होता. बाप म्हणे.

दिवाळीला ते दोघं आले. मी पेटीवर चादर टाकून ठेवली होती. दाजी थेट लॅपटॉपकडं गेले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून "काय म्हणतोय आमचा वाघ" म्हणाले. नणंद त्यांच्या मागं होती. चादरीचं एक टोक वर राहिलं होतं, तिथनं पेटीचा निळा दिवा दिसत होता. तिनं खाली वाकून ते टोक नीट खोचलं आणि पिशव्या घेऊन आत गेली.